खाई त्याला खवखवे

पिरियापट्टणात आमच्या बाळ्याला सगळे केळं समजतात. कानडीत केळ्याला ‘बाळे हण्णु’ म्हणतात आणि मी रोज संध्याकाळी फाटकात उभा राहून ‘बाळ्याऽऽ, ये बाळ्याऽऽ’ असा पुकारा करतो. पहिल्या महिन्यात फळांची हातगाडी दोनदा दारात येऊन थांबली. तिसऱ्यांदा आली तेव्हा बाळ्याने गाडीवाल्याच्या चपलेचा अंगठा खाल्ला आणि गैरसमज दूर झाला.

बाळ्या जातीने गावठी, रंगाने चहात बुडवलेल्या खारीसारखा. मुधोळच्या घोरपडे सरकारांनी पाचव्या जॉर्जला शिकारी कुत्रे नजर केले होते, आणि मुधोळ काही निपाणीपासून फार लांब नाही. पण बाळ्याच्या घराण्याचा त्या इतिहासाशी संबंध नाही. तो सामानाच्या ट्रकमधून निपाणीहून आमच्याबरोबर आला आणि वाटेत गादीचा एक कोपरा खाऊन आला.

मी निपाणीचा म्हटल्यावर माझ्या धंद्याबद्दल वेगळं सांगायला नको. बापजाद्यांचं आयुष्य तंबाखूत गेलं, माझंही चाललंय. फरक इतकाच, की निपाणीची तंबाखू बिडीची, काळपट, उग्र, उन्हात वाळवलेली. आणि पिरियापट्टण-हुणसूरची सिगारेटची, पिकल्या लिंबाच्या रंगाची, भट्टीच्या उष्ण हवेवर शेकलेली. एका कंपनीसाठी पान हातात घेऊन, चुरगाळून, हुंगून त्याची प्रत ठरवायची, हे माझं काम. बदली झाली तेव्हा आई म्हणाली, ‘‘तंबाकूच हुंगायची तर एवढ्या लांब कशाला जातोस?’’

कानडी मला येते, म्हणजे बोलता येते. निपाणीची कानडी ऐकून म्हैसूरकडच्या लोकांना वाटतं, हा भांडायला आलाय. वाचता मात्र येत नाही, आणि ते मी कधी लपवलंही नाही. सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून आमच्या दोन पिढ्या घसा कोरडा करून बसल्या आहेत. कानडी पाटी न वाचणं हा मी लहानपणापासून स्वाभिमानाचा भाग समजत आलो. याचा बाळ्याशी काय संबंध, ते पुढे येईल.

घर भाड्याने मिळालं ते बागेसकट. मालकीणबाई शेजारीच राहतात. सगळी आळी त्यांना अज्जी म्हणते, आम्हीही म्हणतो. भाड्यापेक्षा अज्जींची अट कडक: झाडाला हात लावायचा नाही. कुंपणाला गुलाबी-पांढरी कण्हेर, कोपऱ्यात पिवळ्या फुलांची बिट्टी, फाटकाच्या दोन बाजूंना जय-विजयासारखी सायकसची दोन झाडं, आंब्यावर चढलेला मनीप्लांट, ओसरीत ठिपकेदार पानांच्या डिफेनबॅकियाच्या कुंड्या, कोरफड, पानफुटी, सदाफुली आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘‘किती प्रसन्न वाटतं, नाही?’’ वाटत होतंच. पुण्यातल्या मुलीने यादी पाठवेपर्यंत तीन महिने आम्ही प्रसन्न होतो.

यादी होती ‘कुत्र्यांना विषारी असणारी बागेतली झाडं’. न्यूयॉर्कात 1866 साली निघालेल्या प्राणिदया संस्थेच्या माहितीवरून कुणीतरी केलेली. खाली मुलीचा मजकूर: ‘बाबा, बाळ्याकडे लक्ष द्या.’ माझ्याकडे लक्ष द्यायला तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही नवराबायको चहाचे कप घेऊन ओसरीत बसलो. तिने वाचायचं, मी बागेत जाऊन झाड दाखवायचं. घर घेताना पंचनामा करतात तसा कार्यक्रम. बाळ्या मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

कण्हेर: पान, फूल, खोड, मूळ, सगळं विषारी, थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. फांद्या छाटून टाकल्या, वाळल्या, तरी विष वाळत नाही. बिट्टी: तीच गत, बिया जास्त वाईट. याच बिट्ट्यांनी मी शाळेत असताना गोट्यांसारखा खेळलो आहे, त्या खिशात ठेवून त्याच खिशातले शेंगदाणे खाल्ले आहेत. सायकस: हे झाड डायनासोरांच्या काळापासून आहे म्हणे, बिया सगळ्यात वाईट, पण काहीच खाण्यासारखं नाही, यकृत निकामी होतं. बायकोने फाटकातल्या जय-विजयांकडे पाहिलं. ती रोज सकाळी त्यांच्या मधोमध रांगोळी काढते.

पानफुटी: हृदय. कोरफड: जुलाब. मनीप्लांट आणि डिफेनबॅकिया: तोंडाची आग. डिफेनबॅकियाच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं की जिभेत घुसतात, जीभ सुजते, वाचा बसते. म्हणून साहेबाच्या भाषेत त्याचं नावच ‘मुका ऊस’ अशा अर्थाचं. बाळ्या रात्री दोन वाजता बेडकांवर भुंकतो. त्यामुळे हे वाचताना शेजारच्या गच्चीवरच्या गृहस्थांना हे झाड किती आवडेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

अळूचं नाव आल्यावर मात्र मला हसू आलं. तेच स्फटिक, तीच खाज. म्हणजे जगातल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शक लावून जे शोधलं ते आपल्या म्हणीत कधीचंच बसलेलं आहे: खाई त्याला खवखवे. मी आईला फोन केला. ती म्हणाली, ‘‘अळू खाजतंय ह्ये सांगायला फोन केलास व्हय? चिच घालायची की मग!’’ मी सांगितलं, चिंचही बाळ्याला चालत नाही. द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, त्याला त्यातलं टार्टारिक आम्ल कारण असावं असा आता संशय आहे. आणि चिंचेत तर तेच ठासून भरलेलं. आणि कांदा, लसूण, चॉकलेटही वर्ज्य. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘आरं, कुत्रं हाय का जावई त्ये?’’

यादीवर बाहेरची मंडळीही होती. बायकोच्या माहेरच्या परसातली गुंज, जिच्यावर सोनाराने पिढ्यानपिढ्या सोनं तोललं, शहाण्णव गुंजांचा तोळा. एक दाणा फोडून चावला तर तोळ्याचा हिशेब करायला माणूस उरत नाही. आणि कळलावी. दिवाळीच्या पणतीसारखं फूल, मुळापासून बीपर्यंत जहाल. तमिळनाडूने हिला राज्यफूल केलं आहे. आपण मराठी लोकांनी नुसतं नाव ठेवलं, पण असं ठेवलं की झाड आणि शेजारीण दोघींना एकच पुरतं.

पण खरा पेच पडला तो देवघरापाशी. बायको सोमवारी शंकराला धोतरा वाहते, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालते आणि एरवी देवीला कण्हेरीची फुलं. धोतरा यादीत होता. रुई यादीत होती. कण्हेर तर पहिल्याच पानावर. तिने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, ‘‘देवाचं फूल विषारी कसं असेल?’’

मी विचार केला तर उलटच वाटायला लागलं. जे गाईने खाल्लं नाही, शेळीने टाकलं, माणसाला पचलं नाही, ते आपण श्रद्धेने देवाला वाहिलं. शंकराची निवड तर अगदी चोख. ज्याने हलाहल पचवलं त्याला धोतऱ्याचं काय! मारुतीही जन्मल्या-जन्मल्या सूर्य गिळायला निघालेला, रुईच्या चिकाला थोडाच भिणार? अडचण येते ती प्रसादाची. 2024 च्या मे महिन्यात शेजारच्या केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळाने कण्हेरीची फुलं नैवेद्यात आणि प्रसादात वापरायची नाहीत असं ठरवलं. पूजेत चालतील, तोंडात नकोत. म्हणजे देवाला चालेल, भक्ताला नाही. व्यवहार्य निर्णय आहे. नाहीतरी हायवेच्या दुभाजकात कण्हेर लावतात ती गुरं तोंड लावत नाहीत म्हणूनही.

अज्जींना हे सांगायला गेलो. त्या दरवर्षी बेट्टदपुरच्या डोंगरावर सिडिलु मल्लिकार्जुनाला आपल्या दारची फुलं घेऊन जातात. सिडिलु म्हणजे वीज; तिथल्या पिंडीवर वीज पडते अशी श्रद्धा आहे. ज्या देवाला वीज सोसते त्याच्यासमोर मी कण्हेरीच्या तक्रारी घेऊन उभा होतो. अज्जींनी शांतपणे ऐकलं आणि अंगणात बोट दाखवलं. त्यांचा राजा नावाचा म्हातारा काळा कुत्रा कण्हेरीच्या बुंध्याशी पोट थंड करत झोपला होता. ‘‘हन्नोंदु वर्ष,’’ अज्जी म्हणाल्या. अकरा वर्षं. ‘‘नायी तिन्नल्ला, सार्.’’ कुत्रं खात नाही हो.

‘‘त्याला माहीत आहे?’’ मी विचारलं.

‘‘कडू लागतं, एवढं माहीत आहे.’’

माझं समाधान झालं नाही. शिकलेल्या माणसाचं अशाने होतही नाही. मी परत येऊन यादी पुढे वाचायला सांगितली. बायको वाचता वाचता थांबली. चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. तिची ही नजर मी ओळखतो. विम्याचा हप्ता चुकला होता तेव्हा पाहिली होती.

‘‘काय आहे?’’

‘‘तंबाखू.’’

ओसरीत शांतता पसरली. बाळ्याने माझी विजार हुंगली आणि सवयीप्रमाणे दोन शिंका दिल्या. रोज मी घरी आलो की तो हुंगतो, दोनदा शिंकतो आणि मग शेपूट हलवतो. मी हे प्रेम समजत होतो.

निकोटिन कुत्र्याला वाईट हे खोटं नाही. माणसालाही वाईट, म्हणून तर पाकिटावर चित्र असतं. आमच्या भागात शेतकरी तंबाखू भिजवून त्याचं पाणी किडीवर फवारतात, आणि किडी बिचाऱ्या व्यसन लागण्याआधीच मरतात. इथे पावसात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना कातडीतूनच ते चढतं, भोवळ, उलट्या. तरी पान देखणं असतं हो! पावसाळ्यात पिरियापट्टणच्या माळावर भट्ट्या लागतात ते एकदा पाहावं. उंच खोलीत काठ्यांना ओवलेली हिरवी पानं छतापर्यंत टांगलेली, खालून लोखंडी नळांमधून ऊब फिरते, धूर पानाला लागू द्यायचा नाही. आधी पान हळूहळू पिवळं करायचं, मग रंग धरायचा, मग शीर वाळवायची. पाच-सहा दिवसरात्र लाकूड सारत बसायचं. रात्री मी एका भट्टीवर गेलो होतो. बाहेर पावसाची झड, आगीच्या तोंडाशी राखणदार घोंगडी पांघरून, आणि त्याच्या मांडीला टेकून चार कुत्री ओळीने. आत हजारो पानं विष सुकवत होती आणि बाहेर ही चौघं स्वर्गात होती. जुन्या गोष्टीत गाढव तंबाखू खात नाही म्हणून राजाने तंबाखूवाल्याला टोमणा मारलेला असतो. कुत्रंही खात नाही. या वनस्पतीच्या बाबतीत माणूस फार एकटा पडला आहे.

‘‘म्हणजे,’’ बायको म्हणाली, ‘‘बाहेर तुम्ही टनाने विष विकत घेता आणि घरात कोरफडीची कुंडी कपाटावर ठेवायला सांगता.’’

यावर मी काही बोललो नाही. कारण त्याच वेळी बाळ्याने कुंपणाकडचं गवत खाल्लं आणि भडाभडा ओकला. मी किंचाळलो. गवत खाऊन ओकणं हा सगळ्या कुत्र्यांचा पिढीजात उद्योग आहे हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी त्याला उचलून रिक्षात घातलं होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी बाळ्यामागे हातात फोन आणि बगलेत छत्री घेऊन बागेत फिरलो. ‘भीक नको पण कुत्रं आवर’ ही म्हण मी आजवर भिकाऱ्याच्या बाजूने समजत होतो. आता कुत्रं आवरणाऱ्याची बाजू कळली. झाडं तोडायची नाहीत या अटीमुळे मी कण्हेरीला हिरवी जाळी बांधली, सायकसभोवती विटा रचल्या, कुंड्या गच्चीवर नेल्या, अळू उपटून भाजी केली. बाग नगरपालिकेचं काम चालू असल्यासारखी दिसायला लागली. बाळ्याने यांपैकी एकाही झाडाकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याने खाल्लं ते जाळीचं टोक.

रविवारी मन रमवायला बैलकुप्प्याला गेलो. तालुक्यातलीच तिबेटी वस्ती, 1960 नंतर निर्वासितांनी वसवलेली. सुवर्णमंदिर म्हणून सगळे ज्याला ओळखतात तो नामद्रोलिंग मठ 1963 चा. आवारात शोभेची झाडं, लाल पानांच्या कुंड्या, आणि सगळ्या सावल्यांत कुत्री, निर्वाणाच्या अगदी जवळ पोचलेली. एक छोटा भिक्खू एका कुत्र्याच्या पोटावर डोकं ठेवून पुस्तक वाचत होता. मी झाडं तपासत होतो.

उघडी पडलेली बाग बायकोला बघवेना. यादीत जी झाडं सुरक्षित म्हणून सांगितली होती ती लावायचं ठरलं: गुलाब आणि जास्वंद. रोपवाल्याने रोपांबरोबर खताची एक पिशवी दिली. पिशवीवर हिरवं पान, हसणारा शेतकरी आणि भरपूर कानडी मजकूर. मी विचारलं, ‘‘रासायनिक नाही ना?’’ तो म्हणाला, ‘‘शुद्ध सावयव, सार्.’’ मी निश्चिंत झालो. दुपारी गुलाबांना ओंजळ-ओंजळ खत घातलं आणि पिशवी ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली.

रात्री नऊला पाहिलं तर पिशवी फाडलेली, बाळ्याच्या मिशांना भुरकट पीठ, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसाची तृप्ती. पहाटे तीनला उलट्या सुरू झाल्या, चारला जुलाब.

आईला फोन केला. ‘‘मिठाचं पानी पाज.’’ बहिणीने दूध सांगितलं, मेहुण्यांनी तूप. अज्जी दिवा घेऊन आल्या, बाळ्याला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, काही पाजू नका, डॉक्टर. आळीतल्या एका पोराने स्कूटर काढली. मी निघताना शहाणपणा केला: बागेतल्या प्रत्येक झाडाचं एकेक पान तोडून पंच्यात बांधून घेतलं. नमुना बरोबर न्यावा, असं यादीत लिहिलेलं होतं.

पशुवैद्यांकडे आमच्या आधी एक म्हैस आणि दोन गाई होत्या. म्हशीने बाळ्याला चाटलं. डॉक्टरांनी टेबलावर त्याला घेतलं, हिरड्या पाहिल्या, कातडी चिमटीत ओढून सोडली, वजन विचारलं, मग, ‘‘एन तिन्तु?’’ काय खाल्लं? मी पंचा सोडला. कण्हेर, बिट्टी, सायकस, पानफुटी, सदाफुली, शिवाय घाईत आलेली तुळस आणि कढीपत्ता. डॉक्टर बराच वेळ त्या ढिगाकडे पाहत राहिले.

‘‘फोडणी द्यायची आहे का?’’

सदाफुली त्यांनी बाजूला काढून मला दाखवली. म्हणाले, हीही विषारीच. पण हिच्यातूनच व्हिन्क्रिस्टीन निघतं आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना एकमेकांपासून होणारी गाठ असते ना, कर्करोगाची, ती मी त्याच औषधाने बरी करतो. मग हात पुसत पुन्हा विचारलं, खरं काय खाल्लं? मी खिशातून पिशवीचा फाटका तुकडा काढला. त्यांनी तो दिव्याखाली धरून मोठ्याने वाचला: शेणखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, ‘हरळु हिंडी’. 

‘‘हरळु म्हणजे एरंड. एरंडाची पेंड. इथे मोठ्या अक्षरात लिहिलंय, जनावरांपासून दूर ठेवा. वाचलं नाही?’’

सीमाभागातला माझा सगळा स्वाभिमान त्या टेबलापाशी उभा होता आणि त्याला बसायला खुर्ची नव्हती. मी म्हणालो, ‘‘वाचता येत नाही, डॉक्टर.’’

ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. सलाइन लावता लावता त्यांनी समजावलं. एरंडाच्या बीतलं तेल काढलं की तेलात विष उतरत नाही, म्हणून तुम्ही-आम्ही लहानपणी एरंडेल पिऊन जिवंत राहिलो. विष पेंडीत उरतं. पेंड नीट तापवली तर ते मरतं, पण सगळीच पेंड नीट तापवलेली असते असं नाही. त्यात हाडांचा चुरा मिसळला की कुत्र्याच्या नाकाला ते मटणाचं दुकान. कण्हेर कडू लागते, तिथे कुत्रं स्वतः सावध असतं. इथे आपणच विषाला रस्सा लावून वाढतो. मीठ पाजलं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. पाजलं असतं तर एका विषाची दोन झाली असती, म्हणाले. मग काळ्याभोर कोळशाचं पाणी पाजलं. त्यातलं निम्मं बाळ्याने माझ्या शर्टावर परत केलं.

दोन दिवस सलाइन, तीन दिवस पेज. सहाव्या दिवशी त्याने डॉक्टरांच्या बुटाची नाडी खाल्ली आणि त्यांनी सुट्टी दिली.

गुलाबांची माती मी खरवडून काढली. जाळी सोडली, विटा अज्जींना परत केल्या. कण्हेरीची छाटणी आता पेटीत भरून बाहेर जाते, एवढाच बदल. गवताची आणि बाळ्याची जुनी ओळख चालू आहे. मी आता रिक्षा बोलावत नाही. अज्जींचा राजा अजून तिथेच झोपतो, बाळ्याही दुपारी त्याच्या शेजारी जाऊन पडतो. मी ओसरीत बसून अज्जींच्या तिसरीतल्या नातवाकडून कानडी अक्षरं गिरवतो. मास्तर कडक आहे. ‘ह’ला उकार देताना माझी पेन्सिल घसरली की तो तोंडाने ‘च्च’ करतो.

परवा कंपलापुरला लिलावाच्या आवारात गाठींवरची पाटी मी एकट्याने, बोट न लावता, पहिल्यांदा वाचली: ‘होगेसोप्पु’. रोज ऐकतो तो शब्द, तंबाखूचा इकडचा. घरी येऊन मास्तरांना अभिमानाने सांगितलं. त्याने शब्द फोडून दाखवला. होगे म्हणजे धूर. आणि सोप्पु?

‘‘सोप्पु म्हणजे पालेभाजी, अंकल.’’

बाळ्या शेजारीच बसला होता. मी आवाज खाली करून मास्तरांना म्हटलं, हे पुन्हा मोठ्याने बोलू नकोस.